‘घरी नेलं’चा रकाना

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या दवाखान्यात सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. त्यातही कुणी मोबाईलवर आलेला कागद माझ्यापुढं धरून हे औषध का देत नाही असं विचारलं, की माझं डोकंच फिरतं. नसरापूरला हायवेपासून जवळच आमचा सहा खाटांचा आयसीयू आहे. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरातली बरीचशी माणसं पुण्याला पोचण्याआधी आमच्याकडं थांबतात. त्यांच्याबरोबर नातेवाईक येतात, आणि हल्ली नातेवाइकांबरोबर कागद येतात. मी पूर्वी तो कागद घ्यायची, वरवर चाळायची आणि ‘बघते’ म्हणून ॲप्रनच्या खिशात कोंबायची. समोरच्याला वाटायचं, डॉक्टरीणबाईंनी वाचला.

त्या दिवशी कागद धरून उभा होता तो माझा मामेभाऊ, आणि चार नंबरच्या खाटेवर होते माझे मामा.

मामांचं आधी सांगायला हवं. मी पहिलीत असताना माझे वडील गेले आणि आई मला घेऊन हिर्डोशीला माहेरी आली ती कायमचीच. पुढचं माझं सगळं मामांनी केलं. ते स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. दोन-चार भाताची खाचरं, वरच्या उतारावर नाचणी, गोठ्यात दोन म्हशी. मला भोरच्या शाळेत घातलं तेव्हा एसटी चुकली की ते माझ्याबरोबर पायी निघायचे, वाटेत एखादा टेम्पो भेटला की मला त्यात बसवायचे आणि परत फिरायचे. मी डॉक्टर झाले तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले नाहीत. आधी कुणाला तरी बरं करू दे, मग बघू, म्हणाले.

पुढं माझा एक अभ्यास छापून आला तेव्हा मात्र ते विरघळले. रक्तदाब कोसळलेल्या रोग्यांना शिरेतून तीन दिवस द्यायच्या एका औषधाचा तो अभ्यास होता. औषधाचं नाव इथं लिहीत नाही, कारण चूक त्याची नव्हती. मी तेव्हा नवी होते. आमचे मोठे डॉक्टर, जे आता हयात नाहीत, त्यांनी मनावर घेतलं, समितीची रीतसर परवानगी काढली, आणि एका रोग्याला औषध, पुढच्याला नाही, असं आम्ही बरेच महिने केलं. नोंदी मी ठेवल्या, तक्ते मी केले. अभ्यास लहानसाच, पण निकाल झकास आला. औषध मिळालेल्यांत मरणारे बरेच कमी निघाले. मासिकाची एक प्रत मी मामांना नेऊन दिली. सगळं इंग्रजीत, त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं भोरला गेले, पहिलं पान लॅमिनेट करून आणलं आणि ओटीवर देवांच्या तसबिरींशेजारी खिळा ठोकून टांगलं.

मग आल्यागेल्याला सांगायला लागले, आमच्या भाचीनं मरणावर औषध काढलंय. मामा, औषध आधीचंच आहे, मी फक्त मोजलं, असं मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. ते म्हणायचे, तेच ते. मला लाज वाटायची आणि खरं सांगायचं तर गुदगुल्याही व्हायच्या.

तर त्या वर्षी भाताची लावणी उरकली आणि मामांना ताप भरला. चार दिवस त्यांनी अंगावर काढला, दोन दिवस गावातल्या इंजेक्शनवर घालवले, आणि डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मामेभावानं त्यांना जीपमध्ये घालून आणलं. खाचरातल्या पाण्यातून होणारा लेप्टो आम्ही दर पावसाळ्यात बघतो. वेळेवर आलेले बहुतेक बरे होतात. मामा उशिरा आले होते. लघवी जवळजवळ थांबली होती, रक्तदाब औषधांच्या आधारानं कसाबसा टिकत होता आणि खोकल्यातून रक्त पडत होतं. दुसऱ्या दिवशी श्वासासाठी नळी घालायची वेळ आली. त्याआधी त्यांनी माझं मनगट धरलं. धाप लागली होती तरी बोलणं स्पष्ट होतं.

“उंबऱ्याच्या आत ने मला, पोरी. हितं नगं.”

मी म्हणाले, मामा, तुम्ही चालत जाणार आहात. हे आम्ही सगळ्यांनाच म्हणतो.

मामेभाऊ शिरवळच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. ढिगातून चार नग उचलायचे, मोजायचे आणि त्यावरून अख्खा ढीग पास की नापास ते सांगायचं, हे त्याचं रोजचं काम. आकृत्यांना आणि आकड्यांना बिचकणारा माणूस नव्हे तो. तिसऱ्या दिवशी दुपारी तो बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून कागद छापून घेऊन आला. रात्रभर मोबाईलवर शोधून त्याला हे सापडलं होतं. मामांना काय झालंय, रक्तदाब कसा आहे, कुठली औषधं चालू आहेत, हे सगळं त्यानं आमच्या सिस्टरकडून लिहून घेतलं होतं, आणि त्याला जुळणारं औषध शोधलं होतं. ते नेमकं तेच औषध होतं, आणि हातातला कागद त्याच औषधावरचं मेटा-ॲनालिसिस.

मेटा-ॲनालिसिस म्हणजे एकाच औषधावर ठिकठिकाणी झालेले अभ्यास गोळा करायचे आणि सगळ्यांचे आकडे मिळून एकच उत्तर काढायचं. त्यात एक आकृती असते. मधोमध उभी रेघ, आणि प्रत्येक अभ्यासाची एक आडवी ओळ. ओळ रेघेच्या डावीकडं असली तर औषधानं फायदा झाला, उजवीकडं असली तर तोटा. सगळ्यात खाली शंकरपाळ्याच्या आकाराची एक खूण असते, तो सगळ्यांचा मिळून निकाल. शंकरपाळं रेघेला न शिवता डावीकडं बसलेलं असलं की लोक म्हणतात, औषध लागू पडतं. मामेभावानं त्या शंकरपाळ्याभोवती लाल पेनानं गोल केला होता. आणि वर, एका आडव्या ओळीभोवती, दुसरा गोल. त्या ओळीपुढं माझं आडनाव छापलेलं होतं.

“ताई, ह्यात तूच हायस,” तो म्हणाला. “मंग दादांना का देत न्हाईस?” मामांना तो दादा म्हणायचा.

आमचा अभ्यास असा कुठं घेतला गेलाय हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मनात पहिल्यांदा काय आलं, तर आनंद. मामा दहा पावलांवर नळीवर पडलेले, त्यांचा मुलगा रडवेला होऊन माझ्यापुढं उभा, आणि मला माझं आडनाव छापलेलं बघून बरं वाटलं. याची मला आजही शरम वाटते.

का देत नाही, याला उत्तर होतं. त्या औषधानं रक्तस्राव वाढतो, आणि मामांच्या फुफ्फुसातून आधीच रक्त येत होतं. पण ते पुरतं उत्तर नव्हतं. फायदा खरंच एवढा मोठा असेल तर तो धोका पत्करायला हवा होता. शिवाय दुसरी एक गोष्ट होती. आमच्याकडं ते औषध गेल्या काही वर्षांत हळूहळू बंदच झालं होतं. का झालं, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मी मामेभावाला म्हणाले, मला चार वाजेपर्यंत वेळ दे. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि बाकावर जाऊन बसला.

ड्युटीरूमचं दार लावून मी तो कागद वाचायला घेतला, आणि या खेपेला खरोखर वाचला. आधीचे मूळ अभ्यासही एकेक करून उघडले. एकात औषध कुणाच्या वाट्याला जाणार हे डॉक्टरांना आधीच कळत होतं, म्हणजे मरणाच्या दारातला रोगी नकळत दुसऱ्या बाजूला ढकलला जाणारच. एक मधेच थांबवला होता, निकाल छान दिसतोय म्हणून. सगळे छोटे अभ्यास डावीकडं, उजवीकडं एकही छोटा नाही. औषध देऊन काहीच फरक न पडलेले अभ्यासही कुठंतरी झालेच असणार, ते ज्यांनी केले त्यांनी गुपचूप खणात ठेवून दिले असणार. मोठा अभ्यास एकच होता आणि तो मधल्या रेघेवर ठाण मांडून बसलेला होता, ना फायदा ना तोटा.

ज्यांनी हे सगळं गोळा केलं होतं ती माणसं काही बेफिकीर नव्हती. कुठल्या अभ्यासावर किती भरवसा ठेवायचा हे त्यांनी रंगीत ठिपक्यांनी दाखवलं होतं. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांगता येत नाही, लाल म्हणजे जपून. आम्हाला एक लाल होता, दोन पिवळे होते. पण ‘सगळ्या रोग्यांचा शेवट नोंदलेला आहे का’ या रकान्यात आमच्यापुढं हिरवा ठिपका होता. माझ्या तक्त्यात एकाही रोग्याचा शेवट कोरा नव्हता. कोरा राहील कसा, मीच तर भरला होता.

तो हिरवा ठिपका आम्हाला मिळायला नको होता.

मी आमची ओळ तळहातानं झाकली. मग कॉम्प्युटरवर आमचे आकडे काढून बाकीच्यांची बेरीज नव्यानं केली. शंकरपाळं सरकलं आणि रेघेला टेकलं, म्हणजे औषध लागू पडतं असं आता म्हणता येईना. आमचा अभ्यास छोटा खरा, पण त्यानं फरक एवढा दणदणीत दाखवला होता की बाकीच्यांना डावीकडं ओढून नेणारे आम्हीच होतो. माझा मामेभाऊ बाहेर बाकावर ज्या आशेवर बसला होता ती माझ्या त्या तक्त्यावर उभी होती.

का नको होता ते सांगते. आमच्या डोंगरात माणूस वाचत नाही असं कळलं की घरचे त्याला घरी नेतात. परक्या छताखाली जीव जाऊ द्यायचा नाही, उंबरा ओलांडून आपल्या ओटीवर जाऊ द्यायचा. नळी तशीच ठेवून, एकानं हातातल्या फुग्यानं श्वास देत देत, गाडी घरापर्यंत जाते. तिथं नळी काढतात. तोंडात तुळशीचं पाणी घालतात. हे मी लहानपणापासून बघितलेलं आहे आणि मला त्यात काही वाईट दिसत नाही. आमच्या आयसीयूच्या नोंदवहीत अशांच्या नावापुढं ‘घरी नेलं’ असं लिहीत. आणि अभ्यासाचा तक्ता करताना माझ्यापुढं दोनच रकाने होते, दवाखान्यात मृत्यू, आणि जिवंत घरी गेले. घरी नेलेले सगळे मी दुसऱ्या रकान्यात टाकले. मोठे डॉक्टर म्हणाले होते, आपल्या दारातून बाहेर पडेपर्यंत जे झालं तेवढंच आपलं. मी हो म्हणाले.

मी आमच्या मोठ्या सिस्टरना हाक मारली. त्या राजगडाखालच्या पालीच्या. शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्यांच्या गाड्यांनी त्यांचा रस्ता तुंबतो आणि त्यांना ड्युटीवर यायला उशीर होतो, यावरून त्यांचं आणि माझं वीस वर्षं भांडण चालू आहे. पण या दोन तालुक्यांतलं कोण आमच्या कुठल्या खाटेवर होतं आणि पुढं त्याचं काय झालं, ते त्यांना तोंडपाठ असतं. कुणाच्या लग्नात भेट होते, कुणाची सून त्यांच्या भावकीतली निघते. कपाटावरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली जुनी वही आम्ही खाली काढली. मी तक्त्यातला एकेक नंबर वाचायची आणि सिस्टर ‘घरी नेलं’वर बोट ठेवून सांगायच्या. हा आमच्याच वरच्या आळीतला, ओटीवर टेकवला आणि गेला. ही मार्गासनीच्या अलीकडं गाडीतच गेली. ह्यानं दोन तास काढले, लेकीची वाट बघत होता.

एकच जण निघाली जी गेली नव्हती. वेल्ह्याकडची एक म्हातारी, घरी नळी काढल्यावर तिनं डोळे उघडले आणि चहा मागितला. दर उन्हाळ्यात ती आम्हाला नाचणीचे पापड पाठवते. मी ते वर्षानुवर्षं खाल्ले आहेत. तक्त्यात तिची ओळ शोधली, तर ती औषध न मिळालेल्यांतली होती.

सगळ्यात वाईट पुढंच होतं. घरी नेलेल्यांतले फार मोठ्या संख्येनं औषध मिळालेले होते. मी वहीवरच हात टेकून बसले आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं असं का झालं ते. ज्यांना औषध चालू केलं त्यांच्या घरच्यांना आम्ही सांगायचो, तीन दिवस हे नवीन औषध देऊन बघू. तिसरा दिवस उलटला आणि फरक पडला नाही, की घरच्यांना वाटायचं, संपलं, आता न्यायला हवं. ज्यांना औषध नव्हतं त्यांच्यापुढं असा ठरलेला दिवसच नव्हता. ते वाट बघत राहायचे आणि रोगी आमच्या खाटेवर जायचा. एक हिर्डोशीच्या उंबऱ्यात मेला, एक नसरापूरच्या खाटेवर मेला. पहिल्याला मी वाचला असं मोजलं. औषध माणसं वाचवत नव्हतं, ते माणसांना वेळेवर घरी पाठवत होतं.

सिस्टरनी वही मिटली. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

“म्याडम, तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?”

“माहीत होतं,” मी म्हणाले.

आणि ते खरं होतं. मी हिर्डोशीत वाढलेली. घरी नेलेला माणूस कशासाठी नेला हे मला कुणी सांगायला नको होतं. परदेशात बसून ते ठिपके देणाऱ्यांना कळणं शक्य नव्हतं. ज्या घरात मी वाढले त्या घरातल्या माणसालाच ते कळलं असतं. तक्ता भरताना एक क्षण माझं पेन थांबलं होतं, ते मला आजही आठवतं. मग निकाल छान दिसला आणि मी पुढं गेले.

चार वाजत आले होते. या औषधाबद्दल माझंच मन आता धड राहिलं नव्हतं, म्हणून मी पुण्याला माझ्यापेक्षा जाणत्या एका डॉक्टरांना फोन केला, मामांचे सगळे रिपोर्ट वाचून दाखवले. तेही म्हणाले, रक्त येत असताना मी देणार नाही. मग मी बाहेर जाऊन मामेभावाशेजारी बाकावर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. ओळ झाकली की शंकरपाळं कुठं जातं ते दाखवलं. वहीतली नावं दाखवली. काही लपवलं नाही. तो तपासणीवाला माणूस, त्याला समजायला वेळ लागला नाही. समजलं तेच वाईट झालं. त्याचा चेहरा लाल झाला.

“मंग म्या आता कशावर इस्वास ठिवू? तुज्या कागदावर, का तुज्या तोंडावर?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. एरवी मी दहा माणसांना गप्प करते. तेव्हा एवढंच म्हणाले, आज तोंडावर ठेव. त्यानं कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि उठून रस्त्यावर गेला. मी औषध दिलं नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही जमेल ते सगळं केलं. डायलिसिस केलं, रक्त दिलं. मामा खचतच गेले. पाचव्या दिवशी सकाळी मामी आली. दुपारी मामेभाऊ माझ्यापुढं येऊन उभा राहिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला की आता नेतो. मी अडवलं नाही. फुगा मी माझ्याच हातात घेतला.

कापूरहोळला वळलो, भोर ओलांडलं, मग नीरा-देवघरचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत राहिलं. पावसामुळं घाटाकडं जाणारी वाहतूक बंद होती, रस्ता मोकळा होता. दर चार-पाच सेकंदांनी फुगा दाबायचा. मी आयुष्यात इतक्या लोकांना त्या वाटेवर पाठवलं होतं आणि स्वतः कधी गाडीत बसले नव्हते. बोटं वळून आली तरी मी दुसऱ्या कुणाला फुगा देईना. मामी मामांचे पाय धरून बसली होती. मामेभाऊ पुढं ड्रायव्हरशेजारी होता आणि त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

त्यांना उंबऱ्याच्या आत नेलं. ओटीवर ठेवलं. मामीनं तुळशीचं पाणी घातलं, मी नळी काढली. म्हशी परत यायच्या वेळेला मामा गेले. मी मान वर केली तर त्यांच्या डोक्यावर भिंतीवर माझं ते लॅमिनेट केलेलं पान. मला ते उपटून चुलीत घालावंसं वाटलं. मी हुंदके देऊन रडले, मामीपेक्षा मोठ्यानं.

नसरापूरला परत आल्यावर मी नोंदवही उघडली. मामांच्या ओळीत सिस्टरनी ‘घरी नेलं’ लिहून ठेवलं होतं. त्यापुढं मी लिहिलं, हिर्डोशीत त्याच संध्याकाळी मृत्यू. त्या दिवसापासून आमच्याकडं ‘घरी नेलं’ एवढ्यावर ओळ संपत नाही. महिन्यानं सिस्टर प्रत्येकाच्या घरी फोन करतात, पुढं काय झालं ते विचारतात आणि लिहितात.

दहाव्याला मामेभाऊ माझ्याशी पहिल्यांदा बोलला. भिंतीवरच्या पानाकडं हनुवटीनं खूण केली आणि म्हणाला, ते खरं करून आण.

तो हिवाळा माझा आणि सिस्टरचा त्यातच गेला. तोंडी आठवणीवर मासिकवाले विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून आम्ही सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून त्या जुन्या घरांतून मृत्यूचे दाखले गोळा केले. कुणी चहा दिला, कुणी एवढ्या वर्षांनी कशाला उकरताय म्हणून दारातूनच वाटेला लावलं. माझ्या ओळखीतल्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, मेलेल्या गुरूचं नाव कशाला खराब करतेस. मी म्हणाले, तक्ता त्यांनी नाही, मी भरला. मासिकाला पत्र लिहिलं, मेटा-ॲनालिसिस करणाऱ्यांनाही लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं, पुढच्या वेळी सुधारून घेऊ. तोवर शंकरपाळं जिथं होतं तिथंच आहे. यंदाच्या पावसाळ्यात वेल्ह्याच्या एका मुलीनं तोच कागद माझ्यापुढं धरला. मी चिडले नाही. तिला शेजारी बसवलं, आमच्या ओळीवर हात ठेवायला सांगितला आणि हात ठेवल्यावर काय होतं ते समजावून दिलं.

मामांच्या वर्षश्राद्धाच्या थोडं आधी मासिकात आमची दुरुस्ती छापून आली. लग्नपत्रिकेत मावेल एवढीच. भोरच्या त्याच दुकानातून ती लॅमिनेट करून मी हिर्डोशीला गेले. जेवणं झाल्यावर मामेभाऊ ओटीवर बसून एकेक ओळ बोटानं वाचत गेला, अडलं तिथं मला विचारत गेला. शेवटी पान मांडीवर ठेवलं.

“ह्यात दादा न्हाईत.”

नाहीत, मी सांगितलं, त्यांना औषध दिलंच नव्हतं.

“दिलं असतं तर?”

सगळं वर्षभर मी या प्रश्नाची वाट बघत होते. उत्तरं तयार होती. रक्त वाढलं असतं, पुण्याचे डॉक्टरही नको म्हणाले होते, बेरीज रेघेला टेकली होती. पण बेरीज रेघेला टेकली म्हणजे औषध निकामी असं ठरत नाही, ठाऊक नाही एवढंच ठरतं. आणि ते ठाऊक असतं, जर मी तेव्हा नीट मोजलं असतं.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. मग आतून हातोडी आणि एक खिळा घेऊन आला. मी उठले आणि जुनं पान काढायला हात वर केला, तर त्यानं माझा हात खाली घेतला. ते राहू दे, ते दादांनी लावलंय, म्हणाला. त्याच्या शेजारी नवा खिळा ठोकला, दुरुस्ती टांगली, आणि वाकडी तर नाही ना म्हणून दोन पावलं मागं जाऊन बघितली.

तेवढ्यात श्राद्धाला आलेले एक लांबचे पाहुणे पान खात ओटीवर आले आणि भिंतीवर हे काय लावलंय म्हणून विचारायला लागले. मामा असते तर काय म्हणाले असते ते मला पाठ होतं. 

“आमच्या ताईनं पयल्यांदा चुकीचं मोजलं व्हतं,” मामेभाऊ म्हणाला, “मंग खरं मोजलं. दोनी लावल्यात.”